सॅन स्टॉर्ममध्ये फायबरग्लासचा सबवूफर बॉक्स: घरी करावा की करून घ्यावा?

स्टॉर्म_बडोदा
मंडळी, जरा वेगळा विषय आहे. माझ्याकडे एक जुनी सॅन स्टॉर्म आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: दोन सीटची, छप्पर उघडणारी, आपल्याच देशात बनलेली छोटी स्पोर्ट्स कार. 1149 सीसीचं रेनॉचं इंजिन आणि बॉडी फायबरग्लासची. इंजिन मार्गी लागलं, रंग झाला, आता गाण्यांची सोय करायची आहे. दारातले स्पीकर बरे आहेत, पण खालचे सूर गायब. तबला लावला तर चाट ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा नाही.

डिकी सामानाला हवी आहे आणि सीटमागे जागा नाही. म्हणून डोक्यात असं आहे की डाव्या सीटवरच्या माणसाच्या पायापुढची जी तिरकी भिंत असते, तिच्या आकारात बसेल असा फायबरग्लासचा बॉक्स करायचा आणि त्यात आठ इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर). दोन प्रश्न आहेत. बॉक्स बंद ठेवू की पोर्टवाला (हवेसाठी नळी असलेला) करू? आणि हे घरी गॅरेजमध्ये जमेल, की मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कुणाकडून करून घेऊ? वूफर घेऊन ठेवलाय: एफएस (मोकळ्या वूफरच्या कंपनाची स्वतःची वारंवारता) 38 हर्ट्झ, क्यूटीएस (ते कंपन किती लवकर शमतं त्याचा आकडा) 0.42, व्हीएएस (वूफरइतकीच लवचिक हवा किती) 22 लिटर.

रावपुऱ्याचा_राघू
पहिला प्रश्न तिसराच आहे. डाव्या सीटवर कोण बसणार आणि त्या माणसाने पाय कुठे ठेवायचे?

स्टॉर्म_बडोदा
आई बसते. उंची पाच फूट. पाय तसेही तिथपर्यंत पोचत नाहीत.

रावपुऱ्याचा_राघू
काकूंना हा धागा दाखवलायस का?

निनाद_ऐका
उगाच खटाटोप. सीटखाली मावणारे तयार पातळ वूफर मिळतात, अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो. दोन वायरी जोडल्या की काम झालं. फायबरग्लासचा वास महिनाभर गाडीतून जात नाही, वर अंगाला खाज.

मकरपुरा_मेकॅनिक
स्टॉर्मची सीट जमिनीला टेकलेली असते हो. खाली पातळ वूफर सोडा, चप्पल गेली तरी हाताला लागत नाही.

कलाभवनवाले_काका
आकडे दिलेत म्हणून बरं वाटलं. सहसा लोक "दणका किती येईल" एवढंच विचारतात.

हे आकडे ज्या पद्धतीने वापरायचे ती थील यांनी 1961 मध्ये ऑस्ट्रेलियात मांडली, सत्तरच्या दशकात स्मॉल यांनी ती पुढे नेली. बंद बॉक्सचं गणित वहीच्या एका पानावर मावतं. वूफर बॉक्समध्ये बसवला की त्याचा क्यू (म्हणजे क्यूटीएसचाच आकडा) वाढतो. हा नवा क्यू 0.707 आला तर आवाज सर्वात सपाट, कुठेही उंचवटा नाही. 0.707 ला 0.42 ने भागा, वर्ग करा, एक वजा करा: 1.83. व्हीएएस 22 ला त्याने भागलं की 12 लिटर. म्हणजे तुम्हाला आत निव्वळ 12 लिटर हवा हवी. वूफरचं मॅग्नेट आणि सांगाडा साधारण एक लिटर खातो, तेव्हा बॉक्स 13 चा धरा. त्यात वूफरचा ठोका, म्हणजे ज्याच्या खाली आवाज उतरू लागतो ती वारंवारता, 64 हर्ट्झवर येईल.

आता पोर्टचं. त्याच 12 लिटरमध्ये पोर्ट 38 हर्ट्झला लावायचा आणि नळी साडेसात सेंटिमीटर व्यासाची घ्यायची, तर तिची लांबी येते सुमारे 71 सेंटिमीटर. सव्वादोन फूट. नळी स्वतःच तीन लिटरच्या वर जागा खाणार. ती बॉक्समध्ये वळवून घालणार की आईंच्या मांडीवर ठेवणार? नळी बारीक केली तर आखूड होते, पण तिच्यातून फुसफुस ऐकू येते. तुमच्या जागेत बंद बॉक्सच. चर्चा संपली.

निनाद_ऐका
काका, 64 हर्ट्झ म्हणजे काय सबवूफर झाला? सबवूफरने 30 पर्यंत जायला पाहिजे.

कलाभवनवाले_काका
मोकळ्या मैदानात तुमचं बरोबर. गाडीत नाही. केबिनची लांबी ज्या ध्वनिलहरीच्या निम्म्याइतकी असते त्या वारंवारतेच्या खाली बंद केबिन पंपासारखी वागते, आणि दर सप्तकाला 12 डेसिबलच्या आसपास फुकटची वाढ मिळते. स्टॉर्मची केबिन दोन मीटर धरली तर ही वाढ 85 हर्ट्झपासून सुरू होते. बंद बॉक्सचा आवाजही दर सप्तकाला 12 डेसिबलनेच उतरतो. चढ आणि उतार एकमेकांना खातात. प्रत्यक्षात काचा, दारं, कापड यांतून गळती होते, कागदावरचं सगळं पदरात पडत नाही, पण 35-40 पर्यंत नक्की ऐकू येईल.

एक मेख आहे. छप्पर उघडलं की केबिनच उरत नाही. ती सगळी वाढ गेली.

पुणेकर_सध्या_बडोद्यात
म्हणजे बडोद्याच्या उन्हात छप्पर लावूनच फिरायचं, आवाजही छान. प्रश्न मिटला. मे महिन्यात 43 अंशांत छप्पर उघडून फिरणाऱ्याला डग्ग्याची नाही, ताकाची गरज असते.

शांतताप्रिय
नवरात्रात इथे नऊ रात्री खिडक्या हादरतात, ते कमी म्हणून आता गाड्याही. कायद्याने निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे हे इथल्या किती जणांना माहीत आहे?

स्टॉर्म_बडोदा
शांतताप्रिय, तुमचं बरोबर आहे, पण मला गाडी हादरवायची नाहीये. मला आठ इंचीच हवाय, तोही बंद बॉक्समध्ये. बाहेर ऐकू जाणार नाही.

शांतताप्रिय
सगळे असंच म्हणतात.

शाडू_आणि_साचा
मी फाइन आर्ट्सची, शिल्पकलेची. वूफरमधलं काही कळत नाही, पण फायबरग्लास आमचं रोजचं काम आहे. शाडूत घडवायचं, प्लास्टरचा साचा काढायचा, त्यात रेझिन (घट्ट होणारं चिकट रसायन) आणि मॅट (काचेच्या धाग्यांची चादर). म्हणून जे मला कळतं तेवढंच लिहिते, जरा लांब होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी इथे अजून कुणी काढली नाही. बाकीच्या गाड्यांची फरशी पत्र्याची असते. तिथे फॉइल फाटून रेझिन खाली गेलं तरी खरवडून निघतं. तुमची गाडीच फायबरग्लासची आहे. पॉलिस्टर रेझिन घासलेल्या, जुन्या फायबरग्लासला धरतं, त्याच गुणावर तर दुरुस्तीचा धंदा चालतो. एक भोक राहिलं तर तुमचा बॉक्स गाडीचा अवयव होईल आणि निघताना फरशी घेऊन निघेल. त्यामुळे आधी कार्पेट काढा. मग रुंद मास्किंग टेप, पट्ट्या एकमेकींवर चढवून, एक थर आडवा, एक उभा. त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर मेणाचे दोन-तीन हात. मेणावर पीव्हीएचा (साचा सुटावा म्हणून लावतात ते द्रावण) पातळ हात मारला तर आणखी निर्धास्त. सीट, डॅशबोर्ड, दार सगळं प्लास्टिकने झाका. रेझिनचा थेंब रंगावर पडला की रंग गेला.

दुसरं, आकार बघा. बॉक्स ज्या दिशेने बाहेर ओढणार त्या दिशेने कुठेही आत वळलेला खाचखळगा असेल, तर साचा अडकतो. पायापुढच्या भिंतीत वायरींचे जुडगे, नळ्या, कप्पे असतात. ते आधी पुठ्ठा आणि टेप लावून बुजवा, गुळगुळीत उतार करा. दोन लिटर जागा गेली तर गेली.

तिसरं, थर्मोकोल. दर वर्षी पहिल्या वर्षाची पोरं थर्मोकोल कोरून थेट त्यावर रेझिन लावतात आणि डोळ्यांदेखत कोरीवकाम विरघळतं. रेझिनमधलं स्टायरीन थर्मोकोल खातं. थर्मोकोल वापरायचाच तर त्यावर फॉइलचा टेप चिकटवा.

रावपुऱ्याचा_राघू
"निघताना फरशी घेऊन निघेल." ताई, आमच्या चाळीतल्या एका भाडेकरूची आठवण झाली.

मकरपुरा_मेकॅनिक
ताईंनी बरोबर सांगितलं. मी अजून दोन सांगतो. त्या भिंतीमागे एसीचं पाणी काढणारी नळी असते का ते बघ, बहुतेक गाड्यांत डाव्या पायाशीच येते. ती दाबली गेली तर सगळं पाणी तुझ्या बॉक्सवर. आणि फ्यूज, रिले जे काही तिकडे असेल ते झाकू नको. मग वायपर बंद पडला की बॉक्स खोलत बसशील, तोही विश्वामित्री नदीला पूर आल्यावर.

पुणेकर_सध्या_बडोद्यात
पूर आल्यावर वायपरपेक्षा मगरींची काळजी जास्त असते इथे. बॉक्समध्ये एखादी मावेल का, काका?

कलाभवनवाले_काका
12 लिटरमध्ये पिल्लू मावेल. वूफरचा क्यू बिघडेल.

स्टॉर्म_बडोदा
😄 शाडूताई, मनापासून धन्यवाद. आता थरांचं सांगाल का? किती मॅट, किती रेझिन? मी बघितलेल्या सगळ्या व्हिडिओंत लोक मापच सांगत नाहीत, ओततच सुटतात.

शाडू_आणि_साचा
तुटक धाग्यांची मॅट घ्या, 450 ग्रॅमची. म्हणजे एक चौरस मीटरचं वजन 450 ग्रॅम. तिला वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं, तेव्हा चौरस मीटरला एक किलो धरा. एका थराची जाडी साधारण एक मिलिमीटर. आमच्या मूर्तीला तीन थर पुरतात. तुमच्या बॉक्सला आतून हवेचा दाब येणार, तेव्हा काकांना विचारा.

मॅट कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाडलेली कड पुढच्या तुकड्यात मिसळून जाते, कापलेली कड पायरीसारखी उठून दिसते. ब्रशने घासू नका, टोचत टोचत भिजवा. पांढरेपणा जाऊन मॅट पारदर्शक झाली म्हणजे ती पूर्ण भिजली. पांढरे ठिपके राहिले ती अडकलेली हवा.

हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के. अर्ध्या किलोला 5 ते 10 ग्रॅम. उन्हाळ्यात 1 च्या वर जाऊ नका, ब्रश मगात उभा राहील. एकदा जिलेटिनसारखं झालं की ओढाताण करायची नाही, टाकून द्यायचं. आणि उरलेलं मगातच ठेवून चहाला जायचं नाही. जाड गोळा स्वतःच्या उष्णतेने तापतो, धूर येतो, कचऱ्याच्या डब्यात आग लागू शकते. उघड्यावर पत्र्याच्या ताटात पसरून ठेवा.

कलाभवनवाले_काका
यात सुरक्षिततेची एक ओळ जोडतो, कारण ती नेहमी राहते. काही दुकानांत रेझिन, कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारं द्रव) आणि हार्डनर असे तीन डबे वेगळे देतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. शक्यतो कोबाल्ट घातलेलंच रेझिन मागा. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा लावायचाच. तोंडाला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. वाफेसाठी कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो, घासताना धुळीचा वेगळा.

जाडी: सहा मिलिमीटर, म्हणजे 450 चे सहा थर. पण सगळं फायबर नको. फायबरग्लास वळणात कडक असतं, सपाट जागी ते पापडासारखं थरथरतं. म्हणून वूफर जिथे बसतो ती रिंग 18 मिलिमीटर एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची).

निनाद_ऐका
इथे मी काकांशी सहमत, आणि हे विशेष समजावं. मात्र समोरची बाजू बहुतेक लोक रिंगवर टी-शर्टचं होजिअरी कापड ताणून करतात आणि कापडाला रेझिन पाजून थांबतात, ते चूक. कापड आणि रेझिन म्हणजे काचेसारखं ठिसूळ. ते फक्त आकार देतं. ताकद आतून लावलेल्या मॅटची.

शाडू_आणि_साचा
होजिअरीपेक्षा फ्लीस बरं. जास्त रेझिन पितं, जाड होतं, सुरकुती पडत नाही. थंडीत रस्त्याकडेला स्वस्त ब्लँकेट विकायला येतात त्यांचं कापड चालतं. मात्र कापड रिंग आणि मागच्या साच्याच्या कडेमध्ये नीट ताणा, नंतर लांबी (पुट्टी) भरून सुरकुत्या बुजवायच्या म्हटलं तर किलोच्या किलो लांबी जाते.

मकरपुरा_मेकॅनिक
लांबी भरायला लागला की माणूस थांबत नाही. बाहेरून गुळगुळीत दिसेपर्यंत घासकागद 80 नंबर, 120, मग 220. पण वरून कार्पेटच चिकटवणार असशील तर 80 वर थांब. पायाच्या ठिकाणी रंग टिकत नाही. कार्पेटच लाव.

स्टॉर्म_बडोदा
मागचा भाग काढला! टेप, फॉइल, मेण, पीव्हीए सगळं केलं, गाडी गाडीच्या जागी आहे. सध्या तीन थर आहेत, उरलेले बाहेर काढून लावतोय. पण आतली बाजू दोन दिवस झाले तरी चिकट आहे. हार्डनर कमी पडला का? परत करावं लागणार?

शाडू_आणि_साचा
नाही हो. नखाने दाबून बघा. खाली कडक आणि वरच चिकट असेल तर सगळं ठीक. पॉलिस्टर रेझिन हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरच्या पातळ थरात पूर्ण सुकत नाही. पुढचा थर त्यावर लगेच लावायचा असेल तर ही चिकटच बरी, थर एकमेकांना धरतात. शेवटच्या थरानंतर अ‍ॅसिटोनने पुसा, मग घासा. नख आत रुतत असेल तर मात्र हार्डनर कमी.

स्टॉर्म_बडोदा
कडक आहे. जीव भांड्यात पडला. आता माप कसं घ्यायचं? या वेड्यावाकड्या आकाराला लांबी-रुंदी-उंची नाही.

कलाभवनवाले_काका
पाणी नको, फ्लीस लावायच्या आधी कडा उघड्या आहेत. आत पातळ प्लास्टिकची पिशवी पसरा आणि मुरमुरे भरा. मग एक लिटरच्या मापाने मोजत बाहेर काढा. कापडाचा फुगवटा अजून यायचा आहे, तो अंदाजाने मिळवा.

रावपुऱ्याचा_राघू
आणि मोजून झाल्यावर भेळ.

शाडू_आणि_साचा
स्टायरीनच्या वासाची भेळ खाऊ नका कृपया.

स्टॉर्म_बडोदा
मुरमुऱ्यांचं माप आलं साडेआठ लिटर. फुगवटा धरून दहाच्या आत. 13 होणं शक्य नाही, त्याहून पुढे आणलं तर खरंच आईचे पाय अडतील. वूफर बदलावा का?

निनाद_ऐका
मी म्हटलंच होतं सीटखाली…

कलाभवनवाले_काका
बदलू नका. निव्वळ नऊ धरा. 22 भागिले 9, त्यात एक मिळवून वर्गमूळ, गुणिले 0.42: क्यू आला 0.78. निव्वळ सहा लिटरच उरले असते तरी क्यू 0.9 च्या आसपास आला असता आणि उंचवटा एक डेसिबलपेक्षा कमी. हा उंचवटा मोजायला यंत्र लागतं. शिवाय बॉक्समध्ये पॉलिस्टरचा कापूस सैल भरा. कापूस हवेच्या दाबण्या-फुगण्यातली उष्णता शोषून घेतो, त्यामुळे वूफरला बॉक्स प्रत्यक्षापेक्षा मोठा भासतो. पुस्तकात चाळीस टक्क्यांपर्यंत लिहितात, हाताला दहा-वीस लागतात. तेवढे पुरेत. बंद बॉक्स निवडल्याचा हा फायदा: माप थोडं चुकलं तरी तो सांभाळून घेतो. पोर्टवाला असता तर आता नळी कापत बसला असता.

पुणेकर_सध्या_बडोद्यात
कापूस म्हणजे जुन्या उशीतला चालेल का? आमच्याकडे एक घोरणाऱ्याची आहे, तिला खालच्या सुरांची सवय आहे.

मकरपुरा_मेकॅनिक
वायरिंगचं कुणी बोललंच नाही. पत्र्याच्या गाडीत अर्थिंगची वायर कुठेही पत्र्याला ठोकतात. तुझी बॉडी फायबरची, वीज वाहत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा काळा वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर न्यायचा, लाल वायरच्याच जाडीचा. जवळच्या कुठल्याही बोल्टला बांधलास तर इंजिनची शिट्टी स्पीकरमधून ऐकू येईल. 300 वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोरात 27-28 अँपिअर लागतात, 8 गेजची तांब्याची वायर घे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको, ती स्वस्त असते म्हणून दुकानदार तीच पुढे करतो. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, अ‍ॅम्प्लिफायरजवळ नाही. फ्यूज वायर वाचवायला असतो. आणि बॉक्स पक्का बोल्टने बांध, मागे मोठी वॉशर आणि पट्टी देऊन, नाहीतर फायबर चेपून भोक मोठं होतं. भोक पाडायच्या आधी गाडीखाली झोपून बघ, ब्रेकची नळी जात असेल तिथून.

मृदुला_अलकापुरी
मी फक्त वाचत होते, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. काकूंना हे सगळं मान्य आहे का?

स्टॉर्म_बडोदा
बॉक्सच्या वरच्या बाजूला उतार दिलाय, त्यावर पाय टेकता येतात. आई म्हणते सोफ्यापुढच्या पाटापेक्षा बरं आहे. वूफरला लोखंडी जाळी लावलीय, चपलेच्या टाचेपासून संरक्षण. गाणं सुरू झालं की पायांना मालिश होते असंही म्हणाली.

तर अपडेट: बसला. छप्पर लावून काकांनी सांगितलं तसं झालंय, डग्गा स्पष्ट, बोलांची सुरुवात आणि शेवट दोन्ही ऐकू येतात. सहा थरांनंतर बॉक्सवर टकटक केली तर दगडासारखा आवाज येतो. घरीच केलं, जीआयडीसीत गेलोच नाही. छप्पर उघडलं की मात्र डग्गा निम्मा होतो.

कलाभवनवाले_काका
ते होणारच, आधी लिहिलं होतं. दोन सेटिंग ठेवा. अ‍ॅम्प्लिफायरसोबत आवाजाची वेगळी खुंटी येते, ती हाताशी आणून बसवा. छप्पर बंद असताना जिथे बरं वाटतं तिथे एक खूण, उघडं असताना तिथून वर दुसरी खूण. लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) 80 हर्ट्झला ठेवा. उघड्या गाडीत 30 हर्ट्झच्या मागे लागून खुंटी फिरवत राहिलात तर कॉइल जळेल. 25-30 च्या खालचं कापणारा फिल्टर असेल तर चालू करा.

निनाद_ऐका
ऐकायला कधी आणताय? माझा सीटखालचा वूफरही आणतो, शेजारी लावून बघू.

रावपुऱ्याचा_राघू
रविवारी सकाळी कमाटीबागेच्या दारापाशी. काकूंनाही आणा, मालिशबद्दल विचारायचंय. फक्त आठच्या आधी नको, शांतताप्रिय तिथे चालायला येतात.

शांतताप्रिय
साडेआठ करा. मलाही ऐकायचंय.